समीरला, आडनावाबद्दल

चि. समीर यास,
सलाम आणि अनेक आशीर्वाद.

काल तू फोनवर आडनाव बदलायचं म्हणालास आणि मी फोन तुझ्या अम्मीच्या हातात दिला. रागावलो नव्हतो. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं आणि त्याच्यासमोर काय बोलावं ते सुचेना. रात्रीही सुचलं नाही, म्हणून आता दुकान उघडायच्या आधी लिहायला बसलो आहे.

राजपत्रात देऊन 'अत्तार'चं 'कराडकर' करायचं, म्हणजे पासपोर्टवर आणि पुढे बाळाच्या जन्मदाखल्यावरही तेच येईल, एवढं मला समजलं. कारण तू सांगितलं नाहीस. फ्लॅटचं सूनबाईने अम्मीला सांगितलं. मालक टोकन घ्यायला तयार होता, आधार कार्ड बघितल्यावर त्याचा पुतण्या राहायला येणार असल्याचं निघालं. असं होतं, मला माहीत आहे. पण त्यापुढे काही झालं का? कोणी काही बोललं का तुला? कंपनीत, सोसायटीत, येता-जाता? एवढं एकदा विचारतो, परत विचारणार नाही.

कराडकर हे वाईट नाव नाही. कृष्णा-कोयनेच्या संगमावरचं आपलं गाव, त्याचं नाव लावायला लाज कसली? पण जे सोडायचं ते काय आहे, हे तुला कोणीतरी सांगायला हवं, आणि बडे अब्बा आता नाहीत. म्हणून मीच सांगतो.

अरबीत लोहार तो हद्दाद, सुतार तो नज्जार, शिंपी तो खय्यात. तसा सुगंधाचा माणूस तो अत्तार. पण तिकडचा अत्तार नुसता कुप्या विकणारा नव्हता. कैरो, दमास्कस, बगदाद इथल्या बाजारात मसाले, जडीबुटी, गुलाबपाणी, सरबतं आणि औषधं ज्याच्याकडे मिळायची तो अत्तार. इजिप्तमध्ये आजही काष्ठौषधी आणि मसाल्याच्या दुकानदाराला अत्तारच म्हणतात. ट्युनिसमध्ये झैतुना मशिदीला लागून तेराव्या शतकापासून अत्तारांचा बाजार आहे, जेरुसलेमच्या जुन्या शहरात आहे. मोरोक्कोतल्या फेझ शहरात १३२३ ते १३२५ मध्ये बांधलेल्या एका मदरशाचं नावच अत्तारीन, कारण तो त्यांच्या बाजाराच्या तोंडाशी उभा आहे. इबादतीच्या जागेशेजारी सुगंधाची दुकानं, ही त्या शहरांची रीत होती.

धंद्याचं नाव घराला चिकटलं आणि पसरलं. इजिप्त, सीरिया, इराक, इराण, मोरोक्को, सगळीकडे अत्तार आहेत. कुठे अल्-अत्तार, कुठे बेन अत्तार, इराणात अत्तारी आणि अत्तारजादे. आणि हे सगळे मुसलमानच आहेत असं नाही, बेटा. १६९६ मध्ये मोरोक्कोत जन्मलेले आणि जेरुसलेमला वारलेले हईम बेन अत्तार हे ज्यूंचे मोठे धर्मपंडित होते. इराणातल्या नीशापूरचे कवी फरीदुद्दीन अत्तार औषधांचं दुकान चालवत आणि त्यांचं काव्य आठशे वर्षांनंतरही लोक वाचतात. कैरोत एका मगरिबी, म्हणजे मोरोक्कोच्या बाजूकडून आलेल्या, अत्ताराचा मुलगा, हसन अल्-अत्तार, शिकत शिकत १८३० मध्ये अल-अझहर या तिथल्या मोठ्या धर्मविद्यापीठाचा प्रमुख शेख झाला. दुकानदाराचा मुलगा! हे मी वाचनालयात वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तूच आलास. तुझ्या बी. फार्म.च्या पदवीदानाला अम्मीने नेसलेली ती निळी साडी अजून कपाटात वरच्या खणात आहे.

आणि एक खास तुझ्यासाठी. १२६० साली कैरोत कोहेन अल्-अत्तार नावाच्या ज्यू औषधविक्याने एक ग्रंथ लिहिला. औषधं कशी बनवायची, कशी साठवायची, कोणतं किती दिवस टिकतं, वजन-मापात सचोटी कशी ठेवायची. तो त्याने आपल्या मुलासाठी लिहिला होता. त्या काळी बाजारावर सरकारी निरीक्षक असायचा, तो अत्तारांची कस्तुरी आणि केशर भेसळीसाठी तपासायचा. तू क्वालिटी कंट्रोलमध्ये दिवसभर दुसरं काय करतोस? आपल्या घरात औषधाकडे वळलेला तू पहिला असं मी लोकांना सांगत होतो. खरं तर तू परत वळलास.

आपल्याकडे सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, या पट्ट्यात अत्तारांची घरं गावोगाव आहेत, आणि आठवडी बाजार, जत्रा, उरूस यांवर ती जगली. बडे अब्बांची पत्र्याची पेटी तुला आठवत असेल. वर हिना, केवडा, मोगरा, खस यांच्या कुप्या, खाली कुंकू, बुक्का, अबीर, सुरमा, उदबत्ती. पालीला खंडोबाच्या यात्रेत, चैत्रात शिंगणापूरला, मिरजेच्या उरुसाला, सगळीकडे तीच पेटी. बायका कुंकू बोटावर घासून बघायच्या, म्हातारे कानात फाया खोचून घ्यायचे आणि पैसे पुढच्या बाजारी देतो म्हणायचे, आणि द्यायचे. बडे अब्बांना कोणी आडनाव विचारलं नाही, कारण हाकच 'ओ अत्तार' अशी यायची. शिंगणापूरला एका वर्षी ते तापाने पडले, तर शेजारच्या बांगडीवाल्याने दोन्ही दुकानं सांभाळली आणि हिशेब पै-पैसहित घरी आणून दिला.

ते कनौजच्या मालाबद्दल बोलायला लागले की थांबत नसत. तांब्याच्या डेगेत फुलं आणि पाणी, झाकणाला मातीचा लेप, बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात, म्हणजे ती जिथे थंड होते त्या भांड्यात, आणि भपक्यात आधीच चंदनाचं तेल, ते तो वास धरून ठेवतं. पहिल्या पावसाचा वास हवा असेल तर फुलांऐवजी भाजलेली माती घालतात. ते म्हणायचे, धरून ठेवणारं तेल चांगलं नसेल तर फुलं कितीही घाला. तू त्यांच्या मांडीवर बसून झाकणं लावायचास. सगळी चुकीच्या बाटल्यांना. ते तुला ओरडले नाहीत, मला ओरडले.

आणि गुजरातीतलं गांधी हे आडनावही गंधावरूनच. गांधी म्हणजे किराणा, सुगंध, औषधी विकणारा. म्हणजे तो आणि आपण एकाच पेठेतले. हे त्या फ्लॅटच्या मालकाला कोणी सांगत नाही, आणि सांगून उपयोग झाला असता असंही मी म्हणत नाही.

पण समीर, भिऊन नाव बदलू नकोस. सोय म्हणून बदल, आवडलं म्हणून बदल, मी अडवणार नाही. भिऊन बदललेलं नाव रोज सांभाळावं लागतं. कुणी खोलात विचारलं की जीभ अडखळणार, बाळ शाळेत गेलं की त्यालाही काय सांगायचं ते पढवावं लागणार. तुझी पदवी अत्तार नावावर, फार्मसी कौन्सिलची नोंदणी त्याच नावावर, पीएफ त्याच नावावर. प्रत्येक टेबलावर कागद घेऊन उभं राहून तू सांगणार की हा मीच. माणसाने आपण कोण हे...

हे भाषण झालं. माफ कर. अम्मीने वाचलं तर म्हणेल, मुलगा घर शोधतोय आणि तुम्ही त्याला कैरो दाखवताय. तिचं बरोबर आहे. भाड्याच्या घरात सूनबाईला सातवा महिना लागेल, त्याची घाई मला कळते. आपाच्या वेळी काय झालं तेही मी विसरलेलो नाही, आणि तो विषय मी काढत नाही. मी या गल्लीत जन्मलो, इथे माझ्या आडनावाला सगळे ओळखतात, त्यामुळे मला धीट राहणं सोपं गेलं. पुण्यात तुझं तसं नाही.

म्हणून परत विचारतोय, नाही म्हणालो होतो तरी. कोणी काही बोललं का? तू लहानपणी कोणी मारलं तरी घरी सांगायचा नाहीस, शर्टाचं तुटलेलं बटण सांगायचं. या वेळी बटण दिसत नाही, फोन येतो आणि आवाज नीट असतो, आणि आडनाव बदलायचं म्हणतोस. एकटं काही सोसत असशील तर ते मला कळू दे. मी आरडाओरडा करणार नाही, कुणाकडे जाणार नाही, दुकान बंद करून फक्त तुझ्याकडे येईन.

सूनबाईला उन्हात फिरवू नकोस. तिला वास सहन होत नाही म्हणून उदबत्त्या पाठवत नाही, गुलाबपाणी पाठवतो आहे, ते आपल्या ओळखीच्या घरचं आहे.

आणि तू ठरवलंसच, तर राजपत्राच्या अर्जाला शाळेचा दाखला लागेल. तो माझ्याकडे आहे. झेरॉक्स काढून पाठवतो, फीचे पैसेही मी भरीन. पण अर्जावर सही करायच्या आधी एक रविवार इकडे ये आणि मला समोर बसून कारण सांग.

तुझा,
अब्बा