घंटी बंद आहे म्हणून लिहितोय

बंड्या,

परवा फोनवर तू विचारलंस ना, "काय रे, तू म्हणे मानसिक डॉक्टर झालास?" आमच्या हिने वहिनींना सांगितलं असणार आणि वर तिखटमीठ लावलं असणार. डॉक्टर-बिक्टर काही नाही रे बाबा, दहावीला सायन्समध्ये ३८ मार्क मिळवलेला माणूस मी, माझा पेपर तर तूच बघितला होतास. पण तेव्हा मागे घंटी चालू होती, आणि आमच्या दुकानात बोलायचं म्हणजे ओरडायचं. आज मेंटेनन्ससाठी लाइट बंद आहे दुपारपर्यंत, डबे रांगेत पडलेत, गिऱ्हाईक येऊन परत जातंय, म्हणून म्हटलं निवांत लिहावं. (घंटी म्हणजे गिरणी, नाशिकला जाऊन विसरला असशील.)

तर झालं असं, जानेवारीत आपल्या बडोद्याच्या नवापुऱ्यातच एका शाळेच्या हॉलमध्ये एका प्रोजेक्टचं चार रविवार ट्रेनिंग होतं, लोकांच्या मनाचं दुखणं कसं ऐकायचं त्याचं. त्या लोकांनी आधी गल्लीगल्लीत फिरून एवढंच विचारलं होतं, की इथली माणसं आपलं दुखणं-खुपणं कुणाजवळ बोलतात. त्यातून नावं निघाली त्यातली काही अशी: एक पार्लरवाली, भजनी मंडळातल्या दोन काकू, रिक्षा स्टँडवरचे एक चाचा, एक आशा वर्कर आणि घंटीवाला. मला तर आधी वाटलं चेष्टा करतायत. पण विचार केला तर खरं आहे, दळण होईपर्यंत माणूस वीस मिनिटं अडकलेला असतो, हातात काही काम नाही, मग बोलतो. तीस वर्षं मी लोकांच्या सुना, सासवा, मुळव्याध आणि कोर्टकेसेस ऐकतोय. म्हणजे ऐकतोय असं मला वाटत होतं.

पहिल्या दिवशी ट्रेनर बाईंनी आकडे सांगितले. २०१५-१६ मध्ये बेंगळुरूच्या निम्हान्सने, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मोठ्या सरकारी संस्थेने, १२ राज्यांत मोठा सर्व्हे केला होता, गुजरातही त्यात होतं, आणि निघालं काय तर मानसिक त्रास असलेल्या शंभरातल्या ८० च्या वर लोकांना उपचारच मिळत नाहीत. मनाचे डॉक्टर लाखामागे एक पण पूर्ण नाही. मी मनात म्हटलं, बरोबर, म्हणून आता घंटीवाल्यापर्यंत आले.

मग त्यांनी झिम्बाब्वेची गोष्ट सांगितली, ती मात्र डोक्यात बसली. तिथे हरारेत चिबांडा म्हणून सायकियाट्रिस्ट आहेत, त्यांची एक पेशंट मुलगी गेली, तिने आत्महत्या केली. तिच्या आईने सांगितलं की दवाखान्यात आणणारच होतो, पण बसभाड्याचे पंधरा डॉलर नव्हते. बसभाडं रे! तर त्या माणसाने २००६ मध्ये तिथल्या म्बारे नावाच्या वस्तीत १४ आज्यांना शिकवलं आणि दवाखान्याबाहेर लाकडी बाक टाकले. आजी बाकावर बसणार, दुखणं घेऊन कुणी आलं की ऐकणार. दहा अडचणी असतील तर त्यातली एकच निवडायला लावणार आणि तिच्यावर या आठवड्यात काय करता येईल ते त्या माणसाकडूनच काढून घेणार. नंतर ५७३ लोकांवर नीट शास्त्रशुद्ध तपासून बघितलं, २०१६ मध्ये छापून आलं, आणि नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा आज्यांकडे गेलेल्यांचा त्रास सहा महिन्यांनी बराच कमी निघाला. आपल्या आज्या पण ओट्यावर बसायच्याच की, पण त्यांनी सल्ले किती दिले असते ते तुला माहीत आहेच.

सल्ल्यावरूनच माझी फजिती झाली. दुसऱ्या रविवारी बाईंनी प्रत्येकाच्या हातात तीन शेंगदाणे दिले आणि जोड्या लावल्या, एकाने आपली खरी काळजी सांगायची, दुसऱ्याने पाच मिनिटं ऐकायचं, सल्ला दिला की एक शेंगदाणा खायचा. माझ्यासमोर बँकेतून रिटायर झालेले एक काका होते, त्यांनी सुरू केलं की मुलगा कॅनडाला गेल्यापासून संध्याकाळ खायला उठते, आणि मी लगेच म्हटलं, कमाटीबागेत फिरायला जात जा ना. एक गेला. मग म्हटलं व्हिडिओ कॉल शिकून घ्या, दुसरा गेला. तिसरा कशावर गेला ते मला आठवत पण नाही, पण मिनिटभरात हात रिकामा. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. काका हसले आणि गप्प झाले, पुढचं काही बोललेच नाहीत. मला ते फार लागलं रे.

भाषेचं पण शिकलो. डिप्रेशन हा शब्द घेऊन घंटीवर कुणीच येत नाही. आपली माणसं म्हणतात जीव घाबरा होतो, मन लागत नाही, डोक्यात किडे वळवळतात. गुजराती बायका म्हणतात गभरामण थाय छे. झिम्बाब्वेच्या त्या आज्या पण असाच एक शब्द वापरतात, कुफुंगिसिसा, म्हणजे फार विचार करणं. आपल्याकडे विचारवायू म्हणतात तेच की! बाई म्हणाल्या, माणूस जो शब्द वापरेल तोच तुम्ही वापरा, आणि दोन आठवडे झाले तरी मूड तसाच आहे का, झोप-जेवण कसं आहे, आवडीचं काम पण नकोसं झालंय का ते विचारा. आजाराला नाव द्यायचं नाही, ते डॉक्टरचं काम.

आणि हो, हे तुझ्या जिल्ह्याशी पण जोडलेलं आहे. पुण्याच्या एका संस्थेने आत्मीयता नावाचं काम सुरू केलं ते तुमच्या पेठ तालुक्यातल्या गावांत. गावातल्याच माणसांना शिकवायचं, त्यांनी घरी जाऊन चार-सहा वेळा बसून बोलायचं, आणि दुखणं मोठं दिसलं तर सरकारी दवाखान्यात पोचवायचं. मग तेच इकडे आमच्या गुजरातच्या मेहसाण्यात आलं. मेहसाण्याजवळच उनावाला मीरा दातारचा दर्गा आहे, तिथे कुठून कुठून अंगात आलेली, "बाधा" झालेली माणसं आणतात. तिथल्या मुजावरांनाच दुसऱ्या एका संस्थेने शिकवलं की दुआ चालू ठेवा आणि त्याच आवारातल्या डॉक्टरकडे पण पाठवा, दवा आणि दुआ दोन्ही. मी आधी भुवा-बिवा, म्हणजे बाधा उतरवणारे मांत्रिक, म्हटलं की लोकांना सरळ हसायचो. हसलं की माणूस परत येत नाही एवढं आता कळतंय. आणि आपण शाळेत एकमेकांना "याला कारेलीबागला टाका" म्हणायचो, आठवतंय? ती मेंटल हॉस्पिटलची भिंत बघितली की मला अजून तेच आठवतं, आता जरा लाजही वाटते.

आता मार्चमधली गोष्ट. कोण ते विचारू नकोस, दोन-तीन गोष्टी बदलून लिहितोय, कारण पहिला नियम तोच आहे आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे जगजाहीर आहे. एक बाई दर गुरुवारी पाच किलो गहू आणते. त्या दिवशी डबा ठेवला, मी झाकण उघडलं तर आत पीठ. आदल्याच आठवड्याचं दळलेलं पीठ परत दळायला आणलं होतं! एरवी मी मोठ्याने हसून चार गिऱ्हाइकांना सांगितलं असतं. त्या दिवशी काय झालं कोणास ठाऊक, मी हात वर करून मोटार बंद केली. पट्टा थांबेपर्यंत थोडा वेळ लागतो, फट फट फट करत थांबला, आणि एकदम एवढी शांतता झाली की बाहेरच्या शेवउसळवाल्याचा झारा ऐकू आला. बाकीच्यांना म्हटलं तासाभराने या.

ती पोत्यावर बसली. पहिली पाच-सात मिनिटं काहीच बोलली नाही, पिठात बोट फिरवत होती, रेघ काढायची आणि पुसायची. माझ्या जिभेवर किमान दहा शेंगदाणे होते. मग सुरू झालं. नवऱ्याची मकरपुरा जीआयडीसीतली नोकरी गेली, घराचा हप्ता, तीन आठवडे झोप नाही, स्वयंपाक करता करता उभीच राहते. आणि शेवटी म्हणाली, आता सगळं संपलं तर बरं. हे ऐकून माझे पायच गार पडले. पण ट्रेनिंगमध्ये घोकून घेतलं होतं की असं कुणी बोललं तर विषय बदलायचा नाही, सरळ विचारायचं. विचारल्याने मनात नसलेलं काही घुसत नाही, उलट माणसाला सुटल्यासारखं वाटतं. तर विचारलं, जीव द्यायचा विचार येतो का? ती म्हणाली, येतो. आणि मग खूप रडली.

पुढे मी हिरोगिरी काही केली नाही. हे गुपित ठेवायचं नसतं, तसं तिला सांगूनच तिच्या नणंदेला फोन केला, नणंद येईपर्यंत एकटं सोडलं नाही, घरातली औषधं-बिवषधं नणंदेच्या ताब्यात द्यायला लावली. १४४१६ ला फोन लावून दिला, टेलि-मानस म्हणजे सरकारच्या मानसिक मदतीच्या हेल्पलाइनचा तो फुकट नंबर, २०२२ पासून आहे, रात्री-बेरात्री पण लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं मिळून सरकारी ओपीडीत गेलो. आता औषध चालू आहे. बँकेत हप्त्याचं बोलायला ती नवऱ्याला घेऊन स्वतः गेली, मी नाही गेलो. परवा गहूच घेऊन आली होती, आणि पीठ जाड आलं म्हणून भांडली माझ्याशी!

पण सगळं काही गोड नाही. एका मुलाच्या बाबतीत मी पार हुकलो. चार वेळा समजावलं, समजावलंच म्हणजे बघ, तो आता रस्ता बदलून जातो. आणि आम्हाला शिकवून ती मंडळी प्रोजेक्ट संपल्यावर गेली. महिन्यातून एकदा बाईंचा फोन येतो तेवढाच. ती पीठवाली बाई आली त्या रात्री मला स्वतःला झोप लागली नाही, ते मी कुणाला सांगायचं? पाठीशी अनुभवी माणूस नसेल तर हे काम घंटीवाल्याच्या गळ्यात मारणं बरोबर नाही, हे मी मीटिंगमध्ये स्पष्ट बोललो. फुकटात मिळालेला डॉक्टर समजू नका आम्हाला. रिक्षावाले चाचा पण तेच म्हणाले. आता आम्ही सहा जणच पंधरा दिवसांनी काकूंच्या ओट्यावर बसतो, नावं न घेता बोलतो, पोहे खातो.

आता खरं कशासाठी लिहायला बसलो ते. तुझे बाबा गेले आणि वर्षाच्या आत तुझं दुकान बसलं, तेव्हा तू मला रात्री अकरा-अकराला फोन करायचास. आठवतं? मी काय म्हणायचो ते मला शब्दन् शब्द आठवतंय: "सोड ना यार, टेन्शन नको घेऊ, मर्द आहेस ना." आणि मग क्रिकेटचं काढायचो. तुझे फोन हळूहळू बंद झाले आणि मला वाटलं, चला, सावरला गडी. त्या काकांनी समोर गप्प बसून माझ्या रिकाम्या हाताकडे बघितलं ना, तेव्हा तूच दिसलास. तू तेव्हा काय सांगत होतास ते मी ऐकलंच नाही. चुकलं माझं.

याचं उत्तर पत्रात देऊ नकोस, वाटलं तर देऊच नकोस. पण गणपतीत ये, दांडिया बाजारची आरास बघायला म्हणून ये. आणि पेठकडची नागली चांगली असते म्हणतात, पाच किलो घेऊन ये, माझ्या दगडाला नवीनच टाकी लावली आहे, भरड हवी की बारीक ते इथे बसून सांग.

लाइट आली वाटतं, बाहेर डबे वाजवायला लागलेत.

तुझा,
नाना