तक्रार: सिंगापूर दिवाळी टूर, साडेचार तासांचा 'फुल डे' आणि न दिसणारा टीसीएस

दि. ८ डिसेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक आणि कस्टमर केअर विभाग,
पुणे ऑफिस

नमस्कार,

ऑक्टोबरात तुमची सिंगापूरची दिवाळी स्पेशल फॅमिली टूर केली. मी, नवरा, सासूबाई, बारा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. बुकिंग नंबर, पावत्या, व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट सगळं सोबत जोडलंय. टूरचे ५,६०,०००, त्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे २८,०००, आणि त्या सगळ्या बेरजेवर ५ टक्के टीसीएस (परदेशी टूरवर कंपनी आमच्याकडून घेऊन सरकारकडे भरते तो कर) २९,४००, असे एकूण ६,१७,४०० रुपये सप्टेंबरात तुमच्या खात्यात पोचले, तेही तुमच्या ऑफिसमधून 'मॅडम सीट्स जातील हं' असे रोज फोन येत होते म्हणून मुदतीच्या आधीच.

आता मूळ मुद्दा. आमच्याकडे सिंगापूर ठरलं ते एका गोष्टीसाठी, युनिव्हर्सल स्टुडिओज हे थीम पार्क. बाकी मर्लायनचा पुतळा, गार्डन्स बाय द बे ही बाग वगैरे सासूबाईंसाठी आणि फोटोंसाठी. हे मी बुकिंगच्या वेळी तुमच्या ऑफिसात बसून स्पष्ट सांगितलं होतं, आणि तुमच्या ऑफिसातल्या मुलीने माझ्यासमोर ब्रोशरमधल्या 'फुल डे युनिव्हर्सल स्टुडिओज' या ओळीला पेनने गोल केला होता. तो गोल केलेला कागद स्कॅन करून जोडलाय.

प्रत्यक्षात काय झालं ते लिहिते. त्या दिवशी पार्क सकाळी १० ला उघडून संध्याकाळी ७ ला बंद होणार होतं. आमची बस हॉटेलवरून साडेनऊला निघाली, कारण कोणाचा तरी नाश्ता राहिला होता. मग मर्लायनला फोटो स्टॉप, जो आदल्या दिवशीच्या सिटी टूरमध्ये होता पण पावसामुळे राहिला म्हणून इथे घुसवला. मग एका चॉकलेटच्या दुकानात 'फक्त वीस मिनिटं', ती किती झाली ते विचारू नका, इटिनररीमध्ये त्या दुकानाचं नाव कुठेही नव्हतं. पार्क ज्या बेटावर आहे त्या सेंटोसाला पोचून, सगळ्या ग्रुपची तिकिटं वाटून, गेटबाहेरच्या मोठ्या ग्लोबसमोर ग्रुप फोटो काढून आत शिरलो तेव्हा साडेबारा वाजले होते. आणि टूर मॅनेजरने गेटवरच सांगितलं, पाचला सगळे परत ग्लोबपाशी, कारण डिनर लिटिल इंडियाला आहे आणि मग परत सेंटोसाला यायचंय लेझर शोला. म्हणजे सेंटोसावरून बाहेर जेवायला जायचं आणि जेवून परत सेंटोसालाच यायचं!! हा प्लॅन ज्यांनी केला त्यांनी नकाशा उघडून बघितला होता का, एवढंच मला कळवा.

साडेबारा ते पाच म्हणजे साडेचार तास. त्यात जेवणाच्या कूपनची लाईन पाऊण तास. ट्रान्सफॉर्मर्स राईडला दीड तासाच्या वर थांबलो, मग मिनियनची एक राईड, एक शो, संपलं. मुलीला बॅटलस्टार गॅलॅक्टिका करायची होती, ती लाल निळी जोडीची कोस्टर, तुमच्या ब्रोशरच्या कव्हरवर तिचाच फोटो आहे. तिची उंची बसत होती, पण लाईन बघून मॅनेजर म्हणाला, पाचला आला नाहीत तर बस थांबणार नाही, स्वतःच्या खर्चाने यावं लागेल. पोरगी खालून बघत उभी.

थीम पार्क म्हणजे देवळातलं दर्शन नाही की रांगेत लागलो, हात जोडले, प्रसाद घेतला, पुढच्या देवळात चला. तिथे पहिला तास सोन्याचा असतो, गेट उघडताना आत असलात तर मोठ्या राईड्सच्या लाईनी कमी असतात, दुपारी त्याच लाईनी तिप्पट. हे आता मला माहितीये. टूर कंपनी म्हणून तुम्हाला ते आधीपासून माहीत असायला हवं होतं, त्याचेच तर पैसे घेता.

आणि दिवस कोणता निवडलात, तर २० ऑक्टोबर. त्या दिवशी सिंगापूरमध्ये दीपावलीची सरकारी सुट्टी होती, त्यात सोमवार, म्हणजे शनिवार-रविवार जोडून अख्खं सिंगापूर मोकळं. आपल्याकडे त्या दिवशी नरकचतुर्दशी, सासूबाईंनी हॉटेलच्या बाथरूममध्ये सगळ्यांना उटणं लावून पहाटे पहिली आंघोळ घातली, सातला तयार होऊन आम्ही लॉबीत बसलो होतो हो! मुलं नवीन कपडे घालून तयार आणि बस साडेनऊला.

आता तुम्ही म्हणाल गर्दी आमच्या हातात नाही. बरोबर. पण माझे दीर आणि जाऊ, वाकडला राहतात, त्याच आठवड्यात त्यांच्या मुलांना घेऊन स्वतः बुकिंग करून सिंगापूरला होते. जाऊबाईंनी ऑगस्टमध्येच तिथल्या सुट्ट्यांचं कॅलेंडर बघून पार्क बुधवारी ठेवलं, २२ तारखेला. हॉटेल एमआरटी म्हणजे तिथल्या मेट्रोच्या स्टेशनजवळ घेतलं, सकाळी हार्बरफ्रंट स्टेशनला उतरले, व्हिवोसिटी मॉलच्या तिसऱ्या मजल्यावरून सेंटोसा एक्सप्रेस मोनोरेल, माणशी ४ सिंगापूर डॉलर, परत येताना तर फुकट. एमआरटीला साधं बँकेचं कार्ड टॅप केलं की झालं. गेट उघडलं तेव्हा हे लोक दारात, बंद झालं तेव्हाच बाहेर. मुलांनी गॅलॅक्टिका दोन्ही बाजूंची केली. भाऊबीजेला आम्ही सगळे सिंगापूरमध्येच भेटलो तेव्हा दोन्हीकडच्या पोरांनी राईड्स मोजायला सुरुवात केली आणि माझी मुलगी उठून बाल्कनीत गेली. जाऊबाई काही बोलल्या नाहीत. न बोलण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

एक सांगते, त्यांचा खर्च काही फार कमी आला नाही. दिवाळीतली विमानाची तिकिटं सगळ्यांनाच महाग. सिंगापूरचा व्हिसा आपल्याला असाही अधिकृत एजंटकडूनच काढावा लागतो, तो त्यांनीही तसाच काढला. सगळं वेगवेगळं बुक केल्यामुळे टूर पॅकेजवरचा टीसीएस त्यांना लागला नाही, आणि जेवणात थोडे वाचले, बस. त्यामुळे 'मॅडम स्वस्तात हवं तर स्वतः करायचं ना' हे जे तुमच्या कस्टमर केअरने मला फोनवर ऐकवलं ते इथे लागूच होत नाही. आमचं भांडण पैशापेक्षा वेळेचं आहे. मी जास्त दिले ते डोक्याला ताप नको म्हणून, आणि तुम्ही माझा दिवस चॉकलेटच्या दुकानाला दिलात (कमिशनवर, असं मी म्हणत नाही, बसमधले सगळे म्हणत होते).

उंचीबद्दल पण. तुमच्या ऑफिसात 'सगळ्या राईड्स इन्क्लुडेड' असं सांगितलं गेलं. मुलगा ११२ सेंटीमीटर आहे. गॅलॅक्टिकाला १२५ लागते, ममीच्या राईडला १२२, जुरासिक पार्कच्या पाण्याच्या राईडला १०७, ट्रान्सफॉर्मर्सला १०२. हे पार्कच्या वेबसाईटवर कोणालाही दिसतं, पण तुम्ही फॉर्मवर पोराच्या मोज्याचं माप सुद्धा विचारता, फ्री टोपीचं माप विचारता, आणि उंची विचारत नाही. तो ममीच्या दाराशी रडून मोकळा झाला. त्यात आणि पार्कमध्ये अदलाबदलीची सोय असते, एक पालक राईड करतो तोवर दुसरा मुलाला सांभाळतो आणि मग पुन्हा पूर्ण लाईन न लावता दुसरा जातो, ही गोष्ट तुमच्या मॅनेजरला माहीत नव्हती. लाईन टाळायचा एक्सप्रेस पास वेगळा घ्यावा लागतो, सुट्टीच्या दिवशी महाग असतो, हेही गेटवर कळलं, तेव्हा पाच जणांचे पास घेणं शक्यच नव्हतं. ब्रोशरमध्ये मादागास्करच्या जहाजाचा फोटो आहे, तो भाग केव्हाच काढून तिथे मिनियन लॅण्ड केलंय, ते फेब्रुवारी २०२५ ला उघडलं. धाकटा आत गेल्यापासून जहाज शोधत होता.

वयाचा घोळ वेगळाच. मुलगी बारा पूर्ण म्हणून तुम्ही तिचे सगळेच पैसे मोठ्यांच्या दराने घेतले. विमानाचं मी समजू शकते, विमानात बारा पूर्ण म्हणजे ॲडल्ट. पण युनिव्हर्सलला ४ ते १२ चाइल्ड तिकीट आहे, सिंगापूर झूला ३ ते १२. तिच्या हातात तुमच्या माणसाने जे तिकीट दिलं त्यावर चाइल्ड छापलेलं होतं, फोटो जोडलाय. मग मधला फरक कुठे गेला?

'अरायव्हल कार्ड प्रोसेसिंग' म्हणून माणशी ५०० रुपये, असे २,५०० घेतले. एसजी अरायव्हल कार्ड म्हणजे सिंगापूरला उतरण्याआधी भरायचा ऑनलाईन फॉर्म, तो सिंगापूर सरकारच्या साईटवर फुकट भरता येतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत. ते पण तुम्ही भरलंच नाहीत, मुंबई एअरपोर्टला चेक-इनच्या लाईनीत उभं राहून नवऱ्याने मोबाईलवर भरलं, सासूबाईंच्या व्हीलचेअरवर पासपोर्ट पसरून.

हॉटेलवर जास्त लिहीत नाही. हॉटेलच्या नावापुढच्या 'ऑर सिमिलर' (किंवा तत्सम) या दोन शब्दांत तुम्ही काय काय बसवता ते बघितलं. टिप्स ऐच्छिक म्हणून छापलंय आणि बसमध्ये पाकीट फिरवून वसूल केल्या, तेही सोडून देते.

चांगलं होतं तेही लिहिते नाहीतर म्हणाल नुसती तक्रार. सासूबाईंना सकाळ संध्याकाळ कांदा-लसूण नसलेलं जेवण न मागता मिळालं. तुमचा टूर मॅनेजर, कोवळा पोरगा, स्वभावाने चांगला, त्याने झूमध्ये सासूबाईंची व्हीलचेअर स्वतः ढकलली. माझा राग त्याच्यावर नाही, त्याच्या हातात जो कागद दिला होता त्यावर आहे. सासूबाई तर अजून टूरचं कौतुक करतात. वयस्कर माणसं असतील, शहर बघायचं असेल, तर ग्रुप टूर बरीच पडते, मी स्वतः तसं लोकांना सांगेन. पण मुलांना पार्क दाखवायचं म्हणून तुमच्या बसमध्ये बसू नका हेही सांगेन, सोसायटीत सांगायला सुरुवात केलीच आहे.

टीसीएसचं मात्र गंभीर आहे. २९,४०० रुपये तुम्ही नवऱ्याच्या पॅनवर कापले असं पावतीवर आहे. जुलै-सप्टेंबर तिमाहीचं टीसीएसचं रिटर्न तुम्ही १५ ऑक्टोबरपर्यंत भरायचं होतं आणि २७डी सर्टिफिकेट, म्हणजे टीसीएस घेतल्याचा दाखला, त्यानंतर पंधरा दिवसांत आम्हाला द्यायचं होतं. आज ८ डिसेंबर. २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या साईटवर पॅनवर जमा झालेला कर दिसतो त्या पत्रकात, एक रुपया दिसत नाहीये, आमच्या सीएने आजच पुन्हा बघितलं. तुमच्या अकाउंट्सवाल्यांचं उत्तर, 'मॅडम ते आपोआप येतं'. आपोआप काही येत नाही, तुम्ही भरलं आणि योग्य पॅन टाकला तर येतं. हे सरकारकडे जमा करायचे आमचे पैसे आहेत, तुमच्या टूरचा भाग नाही.

त्यामुळे माझं म्हणणं असं की टीसीएस भरल्याचा पुरावा आणि २७डी लगेच पाठवा, अरायव्हल कार्डचे २,५०० परत करा, मुलीच्या युनिव्हर्सल आणि झूच्या तिकिटातला फरक परत करा, आणि 'फुल डे'च्या नावाखाली अर्धा दिवस दिलात त्याबद्दल आमच्या पाचही जणांच्या युनिव्हर्सल तिकिटांची पूर्ण रक्कम परत करा. पुढच्या टूरवर पाच हजारांचं व्हाउचर जे तुम्ही फोनवर देऊ केलंत ते नको, पुढची टूर तुमच्याकडे नाहीये. आणि नवीन ब्रोशर छापाल त्यात पार्कमध्ये आत जायची आणि बाहेर यायची वेळ छापा.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर हवंय. फोन नको, फोनवर जे बोलता ते नंतर कोणी बोललेलंच नसतं. 'इटिनररी सब्जेक्ट टु चेंज' हे उत्तर पाठवणार असाल तर ते मला आधीच मिळालंय. नाही आलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर नोंद करणार आणि मग ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवरून पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो तिथेच केस करता येते आणि आमच्या रकमेला फी आहे २०० रुपये, तुमच्या त्या चॉकलेटच्या दुकानात तेवढ्यात एक डबा पण आला नव्हता.

रिफंड ज्या खात्यातून पैसे भरले त्याच खात्यात करावा, नंबर बुकिंग फॉर्मवर आहे.

कळावे,
बुकिंग ज्यांच्या नावावर आहे त्यांची पत्नी
सिंहगड रोड, पुणे

सोबत: पावत्या, गोल केलेलं ब्रोशर, तिकिटांचे फोटो, ग्रुपवरचे 'पाचला ग्लोबपाशी' वाले मेसेज, २६एएसची आजची प्रत