फौजी घरांतील ट्रंका उघडा, पण लॅमिनेशन नको

मा. संपादक,

फौजेतून सुटताना मिळणाऱ्या डिस्चार्ज बुकाला लॅमिनेशन करू नका, असे मी आमच्या भागात भेटेल त्या फौजी घराला सांगत असते. पेन्शनच्या कामात नावातल्या एका अक्षराचा घोळ निघाला की ट्रंकेतले जुने पुस्तक बाहेर येते. मग ते तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे जाते, तिथे पाने सुटी होतात आणि गरम प्लास्टिकमध्ये कायमची चिकटतात. घरच्यांना वाटते, कागद वाचला. ते प्लास्टिक नंतर कागद न फाडता काढून दाखवावे कुणी!

माझे सासरे मराठा लाइट इन्फंट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीपर्यंत जाऊन आले. त्यांच्या पुस्तकात उंची, छाती, ‘डाव्या भुवईवर व्रण’ ही ओळखीची खूण आणि शेवटी वर्तणुकीचा शेरा आहे. एवढे तर पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसातही असेल. पण सोबत त्यांची खिशातली वही आहे. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. त्या काळी फौजेत रोमन लिपीतली उर्दू शिकवत, ती लिपी ते शिकले आणि तिच्यातच घरचा मराठी मजकूर लिहू लागले, आमची नातवंडे फोनवर टाइपतात तसा. ‘बैल विकू नका, पैसे धाडतो’ एवढे एक वाक्य दोन पानांवर आहे. रजेच्या एका पासाच्या पाठीवर नुसत्या रेघा दिसतात. सासूबाईंना लिहिता येत नसे. उसन्या ज्वारीच्या दर पायलीमागे त्यांनी एक रेघ ओढली आहे. नवरा लढाईवर असताना घर कसे चालले, हे त्या रेघांखेरीज दुसरीकडे कुठे सापडणार?

सरकारी दप्तरावर विसंबून राहावे, तर १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांचे दस्तऐवज आपल्याकडे नाहीत, असे राष्ट्रीय अभिलेखागाराच्या महासंचालकांनीच डिसेंबर २०२२ मध्ये सांगितले होते. युद्धविषयक कागद साधारणपणे २५ वर्षांनी खुले करण्याचे धोरण संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये जाहीर केले, ते चांगलेच झाले. त्यात शिपायाची ट्रंक बसत नाही. शिपायाला मोजण्यात धरायचे, नावात नाही, ही रीत जुनीच. पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आपल्या कितीतरी गावांत आहेत: गावातून इतके लढाईवर गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावरही हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली, साध्या शिपायांचे मात्र पलटणवार आकडे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, आपल्या मराठा पलटणी लढल्या होत्या, हे वेगळे सांगायला नको.

होऊ शकत नाही असेही नाही. लाहोरच्या संग्रहालयात पंजाबातल्या सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या पहिल्या महायुद्धातल्या गाववार नोंदवह्या पडून होत्या. ब्रिटनमधल्या पंजाबी मंडळींनी तिथल्या एका विद्यापीठाला हाताशी धरून त्यांचे डिजिटायझेशन सुरू केले आणि २०२१ पासून लोक त्यांत आपले पणजोबा शोधू लागले.

आपल्याकडे जुने सरकारी कागद सांभाळणाऱ्या राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाची कार्यालये पुण्यात आहेत, कोल्हापुरात आहेत. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनासाठी आम्ही शिक्षक वर्षानुवर्षे निधी गोळा करत आलो. त्याच आठवड्यात प्रत्येक तालुक्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने एक स्कॅनर आणि एक माणूस बसवावा. कागद मालकासमोर स्कॅन करून तिथल्या तिथे परत द्यायचा, प्रत अभिलेखागारात ठेवायची. मूळ कागद मागू नये. कुणी देणार नाही, आणि का द्यावा? मजकूर कुणाला दाखवायचा, कुणाला नाही, तेही घरच्यांनाच ठरवू द्यावे.

तोवर घरच्या घरी एवढे करता येईल. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात, चिकटपट्टी लावू नये. कागद धुतलेल्या सुती कापडात बांधून ट्रंक जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावी, आणि पावसाळा सरला की एकदा सावलीत उघडून बघावी.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, ता. खटाव, जि. सातारा