हिरव्या टोमॅटोची चटणी

रेडिंग, इंग्लंड, 26 ऑक्टोबर

तीर्थरूप आई आणि अण्णा,
साष्टांग नमस्कार.

काल मळा मोडला. मळा म्हणायचं आपलं, बाराच झाडं. कौन्सिलकडून वर्षाच्या भाड्याने घेतलेला तो तुकडा अण्णांनी व्हिडिओवर पाहिलाय. रात्री दंव गोठणार अशी सूचना आली, म्हणून काम लवकर आटोपून थेट तिकडे गेले. सुतळ्या कापल्या, झाडं उपटली आणि होते नव्हते तेवढे टोमॅटो तोडले. 6 किलो भरले, त्यात लाल वाटीभर. इथे ऑक्टोबरात ऊन नावालाच. पारा 10 अंशांच्या खाली राहू लागला की टोमॅटोला लाल रंग चढतच नाही. खालच्या पानांवर करपाही आला होता. डागी फळं टाकून दिली, रंग धरलेली एका पिकल्या केळ्याबरोबर खोक्यात ठेवली आणि उरलेले टणक हिरवे घेऊन घरी आले.

हात धुवायला गेले तर साबणाचा फेस पिवळा-हिरवा. पेरांत काळं साचलेलं, घासूनही निघेना. मग एक हिरवा टोमॅटो तळव्यांत चुरडून चोळला. काळं सुटलं. अण्णा, नारायणगावला क्रेट पोचवून आलात की मोरीपाशी तुम्ही हेच करायचात, मी तांब्या घेऊन बाजूला उभी असायचे. तोच वास इथे बेसिनमधून वर आला आणि मला नळ बंद करायचंही सुचेना.

आई, तू फोनवर सांगितलंस तसंच केलं. जाड फोडी, कढईत चमचाभर तेल, जिरं, लसूण, हिरव्या मिरच्या. झाकण मात्र ठेवलं नाही. मागच्या वेळी ठेवलं होतं, तर पाणी सुटून सगळं बुळबुळीत झालं. या वेळी मोठ्या आचेवर फोडींच्या कडा काळ्या होईपर्यंत परतत राहिले. मग भाजलेले शेंगदाणे, तीळ, मीठ, पेराएवढा गूळ. मिक्सर थांबवत थांबवत फिरवला, दाणा दाताखाली यायला हवा ना. पाट्यावरची सर नाही, पण पहिल्या घासाला कानशिलं तापली तेव्हा जमली म्हणायची.

शेजारच्या तुकड्यावरच्या आजींनी त्यांची रीतही सांगितली. 'चटणी' हा शब्द आपला, पदार्थ त्यांचा: हिरवे टोमॅटो, कांदा, सफरचंद, बेदाणे, तपकिरी साखर आणि व्हिनेगर. चमचा ओढला की पातेल्याचा तळ दिसेपर्यंत मंद आचेवर दोन तास. आंबटगोड होते, मुरांब्याच्या अंगाने जाणारी. एक बरणी त्यांच्या रीतीची घातलीय. मुरायला दोन महिने लागतात. डिसेंबरात येताना आणेन.

पण पत्र लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. मी सहावीत होते. त्या साली भाव इतका पडला की तोडणीची मजुरीही निघेना, आणि अण्णांनी उभ्या प्लॉटात मेंढरं घालू दिली. त्याच्या आदल्या दिवशी आई ओचा भरभरून हिरवे टोमॅटो घरी आणत होती. पंधरा दिवस आम्ही चटणी-भाकरी खाल्ली आणि शाळेत डबा मिरवला. घरात भाजीला पैसे नव्हते, हे मला गेल्या वर्षी दादाने सांगितलं. आई, त्या पंधरा दिवसांत चटणी कधीच सारखी नव्हती. एक दिवस कारळं, एक दिवस खोबरं, एक दिवस नुसता लसूण वाढवलेला. मला वाटायचं, तुला हौस आहे. काल ओट्याशी उभं राहून कळलं की आम्हाला कंटाळा येऊ नये, कळू नये, म्हणून तू रोज डोकं चालवत होतीस. आणि अण्णा, तुम्ही रोज पहिला घास खाऊन "आज झाली खरी" म्हणायचात. फोनवर हे बोलायला घेतलं असतं तर आवाज फुटला नसता.

अण्णा, या वेळी दोन झाडांत दीड फूट ठेवलं होतं, हवा खेळली नाही. पुढच्या वर्षी किती ठेवू? उद्या पहाटे इथली घड्याळं तासभर मागे जातात, म्हणजे आपल्यात साडेपाच तासांचं अंतर होईल. तुमच्या दुपारी तीनला फोन करते. तोवर आईकडून गुडघ्याला तेल लावून घ्या.

तुमची,
लेक