'व्होल्टेज वाढले' म्हणजे नेमके काय?

संपादक महोदय,

टीव्ही किंवा राउटर जळाला की 'व्होल्टेज वाढले' म्हणून विषय संपतो. पण या दोन शब्दांत दोन निराळे बिघाड दडलेले आहेत. एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही, हे विकणाऱ्यांनी तरी सांगायला हवे.

पहिला बिघाड म्हणजे सर्ज. जवळपास वीज पडली की तारांतून हजारो व्होल्टचा झटका येतो, तोही काही मायक्रोसेकंदांपुरता. एमसीबी, म्हणजे जादा करंटला आपोआप पडणारा स्विच, तो अडवत नाही, कारण ती करंटवर चालते आणि तिला पडायला मिलिसेकंद लागतात. रिलेचा स्टॅबिलायझरही तितकाच मंद. इथे लागतो व्हॅरिस्टर, म्हणजे झिंक ऑक्साइडची चकती. सर्ज संरक्षक एक्स्टेंशन बोर्डात ती बसवलेली असते. ती जादा दाब (व्होल्टेज) फेजकडून, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेकडून, न्यूट्रलकडे (परतीच्या तारेकडे) आणि अर्थकडे वळवते. घरात अर्थिंगच नसेल किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये खुपसला असेल, तर अर्थकडची वाट बंद. शिवाय प्रत्येक झटक्यागणिक चकती झिजते. ती निकामी झाली तरी अशा अनेक बोर्डांतून वीज येतच राहते, म्हणून 'प्रोटेक्शन'चा वेगळा दिवा असलेलाच बोर्ड घ्यावा. स्विचमधला लाल दिवा त्याबद्दल काहीच सांगत नाही. पाकिटावर ज्यूलचा, म्हणजे झटक्याची किती ऊर्जा झेलता येते त्याचा, आकडा नसेल, तर तो बहुधा साधा एक्स्टेंशन बोर्ड समजावा.

दुसरा बिघाड अधिक घातक. थ्री-फेज पुरवठ्याचा न्यूट्रल तुटला की 230 व्होल्टच्या जागी 400 व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो आणि तो मिनिटेच्या मिनिटे टिकतो. सामान्यतः 275 व्होल्टपर्यंत सतत टिकणारा व्हॅरिस्टर अशा वेळी तापत जातो, प्रसंगी पेट घेतो. यासाठी मेन बोर्डात ओव्हर-व्होल्टेज रिलेच हवा. तो 270 व्होल्टच्या आसपास पुरवठा तोडणारा आणि दाब सुधारल्यावर सुमारे तीन मिनिटे थांबून जोडणारा असावा. लगेच जोडल्यास फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर ताण येतो. दिवे अचानक डोळे दिपवण्याइतके प्रखर झाले, किंवा काही प्रखर आणि काही मंद दिसले, तर आधी मेन स्विच पाडा.

पुन्हा सर्जकडे वळू. मेन बोर्डात टाइप 2 एसपीडी, म्हणजे मेन बोर्डासाठीचा सर्ज संरक्षक, बसवताना वायरमनकडून एक चूक हमखास होते. जोडणीच्या तारा लांब सोडून त्यांची वेटोळी केली जातात. फेजपासून अर्थपट्टीपर्यंत या तारांची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत हवी. झटक्याच्या वेगामुळे तारेचा प्रत्येक वाढीव तुकडा स्वतःचे शेकडो व्होल्ट उपकरणावर लादतो, मग एसपीडी कितीही महाग असो. तिथून दहा मीटरपेक्षा लांब असलेल्या टीव्हीजवळ आणखी एक टाइप 3, म्हणजे उपकरणाजवळ लावायचा, संरक्षक लावावा.

डिशची केबल आणि गच्चीवरून आलेली इंटरनेटची (लॅन) तार मात्र सगळेच विसरतात. झटका तिथूनही आत शिरतो. वादळ दिसताच प्लगबरोबर त्याही काढाव्यात. कडकडाट सुरू झाल्यावर मात्र त्यांना हात लावू नये.

– एक वाचक