नऊला बोलावलेली गाडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिरोली एमआयडीसीच्या सेवा रस्त्यावर रात्रभर ट्रक उभे असतात, ड्रायव्हर तिथंच स्टोव्ह पेटवतात आणि बाकीच्यांना वळायला जागा राहत नाही, असं एका वाचकाने गेल्या आठवड्यात आपल्याकडे लिहिलं होतं. तक्रार खरी आहे. पण त्या गाड्या हौसेने उभ्या नसतात. त्यांना कुणीतरी बोलावलेलं असतं, आणि त्या बोलावणाऱ्यांपैकी मी एक होतो. शाहूपुरीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात 26 वर्षं मी गाड्या लावायचं, म्हणजे कुठला माल कुठल्या ट्रकने जाणार ते ठरवून ड्रायव्हरला बोलवायचं काम केलं. हल्ली त्याला डिस्पॅचर म्हणतात. ड्रायव्हर लोक आम्हाला 'फोनवाला' म्हणायचे, आणि ते काही प्रेमाने नव्हे.

या धंद्यात दोन वाक्यं रोज बोलली जातात. पहिलं आमचं: "ये लगेच, माल तयार हाय, आल्या आल्या भरून देतो." दुसरं ड्रायव्हरचं, निपाणीजवळच्या तवंदी घाटाचं नाव घेऊन: "तवंदी उतारलोय सायेब, तासाभरात पोचतो बघा." प्रत्यक्षात मालाचं पॅकिंगही झालेलं नसतं, आणि ड्रायव्हरमामा धारवाडच्या अलीकडं हॉटेलच्या बाजेवर आडवे झालेले असतात. समोरचा थाप मारतोय हे दोघांनाही ठाऊक असतं. म्हणून बारा वाजता हवी असलेली गाडी मी नऊला बोलवायचो, आणि मी नऊ म्हटलं की मामा बारा धरायचे. हा हिशेब बहुतेक वेळा जुळायचाही. मरायचा तो खरोखर नऊला येणारा सरळ माणूस.

असा एकजण गडहिंग्लजकडचा होता. माल मिळाल्याची सही केलेली पोच वेळेवर आणून द्यायचा, डिझेलची भानगड नाही, दारू नाही. एकदा चाकणच्या कास्टिंगच्या भाड्यासाठी त्याला सकाळी 9 ला बोलावलं. पहाटे 5 ला घर सोडून तो वेळेत गेटवर हजर. गाडी भरून सुटली रात्री 9 ला. मधले बारा तास तो रांगेत होता. दर अर्ध्या तासाने गाडी पुढे घ्यायची, त्यामुळे झोप कसली! तरी माझं आपलं, "उजाडायच्या आत चाकण गाठ." वर वाटेत पाच-सहा फोन. खंबाटकीच्या अलीकडं तो एवढंच म्हणाला, "सायेब, तुमी फोन ठिवला तर गाडी चालवतो म्या." मग त्याने फोनच बंद केला, गाडी बाजूला घेतली आणि तीन तास झोपला. माल उशिरा पोचला म्हणून पार्टीने, म्हणजे माल पाठवणाऱ्याने, भाड्यातून पैसे कापले. आम्ही ते त्याच्या मालकाकडून वळते केले आणि मालकाने त्याच्याकडून. 'ड्रायव्हरची दिरंगाई' असा शेरा मी माझ्या हाताने लिहिला. त्यानंतर त्याने आमचं भाडं कधी भरलं नाही. तोच माझा सगळ्यात भरवशाचा ड्रायव्हर होता, हे मला त्याच्या जागी आलेली माणसं बघून कळलं.

दिवसाला 8 तास काम आणि सलग 5 तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, हा नियम 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातच घातलेला होता. पण गेटबाहेर गेलेले तास कामात कोण धरतो? ऑफिसच्या लेखी तो माणूस दिवसभर आराम करून ताजातवाना सुटलेला असतो. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, ते बरंच झालं. मात्र रांगेत इंजिन बंद ठेवायचं म्हटल्यावर तो एसी काय कामाचा, हे मे महिन्यात कुणीतरी त्या केबिनमध्ये बसून बघावं.

ड्रायव्हर सगळे साधुसंत असतात असं नाही. ॲडव्हान्स उचलून दोन दिवस फोन बंद ठेवणारे, वाटेत दुसऱ्याचा माल चढवणारे मीही पाहिलेत. आता जीपीएस आल्यामुळे 'तवंदी उतारलोय' ही थाप लगेच पकडता येते. 'माल तयार हाय' ही थाप पकडणारं यंत्र मात्र कुणी बसवलेलं नाही.

चांगली आठवणही आहे. जुलै 2021 मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि बंगळूरहून येणाऱ्या आमच्या गाड्या कागलच्या बाजूला अडकल्या. ई-वे बिलाला, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन परवान्याला, 200 किलोमीटरमागे एक दिवस मिळतो, म्हणजे बंगळूर-कोल्हापूरला चार दिवस. ती मुदत वाढवायची तर संपण्याआधीच्या किंवा नंतरच्या 8 तासांतच, आणि ते ऑफिसातूनच करावं लागतं. आमच्या ऑफिसातल्या एका पोरीने कुणी न सांगता रात्री जागून सगळ्या गाड्यांची बिलं वाढवली आणि "पाणी कधी उतरंल ते मला म्हाईत न्हाई, कळलं की सांगते, तोवर झोपा" असा एकच व्हॉइस मेसेज सगळ्यांना टाकला. तिचा फोन ड्रायव्हर पहिल्या रिंगला उचलायचे. माझा तिसऱ्या खेपेला.

तेव्हा गाडी गेटवर कधी आली आणि भरून कधी सुटली, या दोन वेळा बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, लिहून त्यावर कारखान्याचा शिक्का घ्यावा, असं मला वाटतं. हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी खोळंबल्याचे, पैसे पार्टीकडून आले तर त्यातले काही थेट ड्रायव्हरच्या हातात पडावेत, मालकाच्या खात्यात मुरू नयेत. गाडी चालू असताना फोन करूच नये. हातात फोन धरून गाडी चालवणं कायद्याने धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं, आणि तो फोन बहुतेक वेळा आमचाच असतो. फोनवर बसणाऱ्या नव्या पोराला आधी एक फेरी केबिनमध्ये बसवून पाठवावं. महामार्गाच्या सहापदरीच्या कामातून सातारा गाठायला किती वेळ लागतो, हे गूगल मॅपवर बघून कळत नाही.

राहता राहिली त्या वाचकाची तक्रार. प्रत्येक कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीची नोंदवही असते. गाडी कधी आली आणि आत कधी घेतली, दोन्ही वेळा तिच्यात असतात. पोलिसांना बोलावण्याआधी त्यांनी ती वही एकदा मागून बघावी.

आपला,
एक निवृत्त फोनवाला
शाहूपुरी, कोल्हापूर