कोपऱ्यावरच्या प्लॉटला नियमबाह्य ७ फुटी कंपाउंड बसवल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मार्चमध्ये तुमच्या माणसांनी आमच्या बंगल्याला सिमेंटच्या खांब-प्लेटांचं रेडीमेड कंपाउंड बसवलं. १४० रनिंग फूट, ७ फूट उंच, चौरस फुटाला १२० रुपये. एकूण १,१७,६०० रुपये मी चुकते केले, पावती सोबत जोडली आहे. कारागिरांनी काम ओळंब्यात केलं, त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही.

प्लॉट कोपऱ्याचा आहे हे तुमच्या प्रतिनिधीने स्वतः टेप लावून पाहिलं होतं. "नगरपरिषदेचं काही अडतं का?" असं मी दोनदा विचारलं. उत्तर आलं, "काकू, हे रेडीमेड आहे, बांधकाम नाही. याला नियम लागत नाही."

आता नोटीस आली आहे. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत (युडीसीपीआर) कंपाउंडची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून मोजतात आणि ती १.५ मीटरपर्यंतच चालते. २.४ मीटरपर्यंत जायचं तर वरचा ०.९ मीटर भाग जाळीचा, आरपार दिसणारा हवा. कोपऱ्याच्या प्लॉटला तर चौकाकडून दोन्ही बाजूंना १० मीटरपर्यंत भरीव भिंत फक्त ०.७५ मीटर, त्यावर रेलिंग. भिंत विटांची की प्लेटांची, याने काही फरक पडत नाही. रोज कंपाउंड विकणाऱ्या कंपनीला हे ठाऊक नसेल, हे मला पटत नाही.

हा नियम कशासाठी आहे ते मी डोळ्यांनी पाहिलं. गेल्या महिन्यात सकाळी शाळेला निघालेली एक मुलगी सायकलवरून वळली आणि पलीकडून आलेल्या मोटरसायकलवर आदळली. भिंतीमुळे दोघांनाही एकमेकं दिसली नाहीत. गुडघा फुटला, डबा उघडून पोहे आमच्या भिंतीच्या कडेला सांडले. थोडक्यात निभावलं. पण त्या दिवसापासून शाळेच्या वेळेला मी फाटकाबाहेर उभी राहते.

मी कोपऱ्याचं काम बदलून मागितलं, तेव्हा "वरून खांब कापून देतो, मजुरी वेगळी" असं सांगण्यात आलं. हे मला मान्य नाही. खांब कापला की आतली सळई उघडी पडते आणि पावसात गंजते. तिथे कमी उंचीचे नवे खांब लावा, वर रेलिंग द्या, उरलेल्या लांबीतही उंची नियमात आणा. हे सगळं तुमच्या खर्चाने, १५ दिवसांत. काढलेल्या प्लेटांचे पैसेही परत हवेत.

चुकीची माहिती देऊन माल विकणं ही ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. मुदतीत काम झालं नाही, तर मी जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्कही नाही.

कोपऱ्याचं काम आधी घ्या. जूनमध्ये शाळा सुरू होते.

आपली,
एक ग्राहक (जि. सातारा)

सोबत: पावती, नोटिशीची प्रत, कोपऱ्याचे दोन फोटो